पहिली नोकरी सुटेल तेव्हा तो झोपणार कुठे?

एका जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांचं आणि मुलींचं अशी दोन बालगृहं चालवणाऱ्या संस्थेच्या अधीक्षिका विचारतात: "आमच्याकडची तीन मुलं येत्या वर्षभरात १८ पूर्ण करतात. एक बारावी कॉमर्सला आहे. एकाचा आयटीआयचा वेल्डर ट्रेड पूर्ण होईल. मुलगी दहावी पास आहे आणि संस्थेतच शिवणकाम शिकते. तिघांना नोकरीला लावायचं आहे. तयारी कशी करून घ्यावी? कॉमर्सवाला मुलगा गुणी आहे, त्याला आमच्याकडेच मदतनीस म्हणून ठेवलं तर चालेल का?"

ताई, 'नोकरीला लावायचं' हे तुमचे शब्द आहेत, आणि मी तिथूनच सुरुवात करतो. एकोणीस वर्षं मी संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींबरोबर काम करतोय, आधी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून आणि नंतर पुण्यात अनुरक्षणाच्या, म्हणजे १८ नंतर संस्था सोडलेल्या मुलांना आधार देण्याच्या, कामात. नोकरी लावून देणं मला कधी फारसं जड गेलं नाही. चाकणला, रांजणगावला, भोसरीला कारखान्यांत माणसं लागतातच. हॉटेलांना लागतात, दवाखान्यांना लागतात. जड जातं ते पुढचं. पहिली नोकरी बहुतेकांची सुटते, अगदी घरच्या मुलांचीही. पण घरचा मुलगा चार दिवस आईची बोलणी खातो, तिच्याच हातचं जेवतो आणि दुसरी शोधायला लागतो. आपल्या मुलाची नोकरी गेली की पुष्कळदा त्याच रात्री त्याचं अंथरूणही जातं. म्हणून माझी सगळी तयारी पहिली नोकरी सुटून दुसरी लागेपर्यंतचा जो महिना असतो, त्या महिन्यासाठी असते.

हे मी चुकून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाला हायवेवरच्या हॉटेलात लावलं. राहणं-जेवण मालकाकडे, पगार हातात. मला वाटलं, याहून चांगलं काय असणार? खोलीचा प्रश्न मिटला, जेवणाचा मिटला. चौथ्या महिन्यात त्याचं भटारखान्यातल्या माणसाशी भांडण झालं आणि मालकाने रात्री अकराला त्याला बॅगेसकट बाहेर काढलं. पोरगा नऊ रात्री स्वारगेटच्या स्टँडवर झोपला. माझा नंबर त्याच्या खिशात होता. फोन का केला नाहीस, असं मी नंतर विचारलं तर म्हणाला, "सर, तुम्ही लावून दिलेली नोकरी होती ना." त्याला भीती मालकाची नव्हती, मला काय वाटेल याची होती. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी पाळतो. राहण्याची जागा आणि कामाची जागा एका माणसाच्या हातात द्यायची नाही. आणि मुलगा बाहेर पडण्याआधीच त्याला सांगून ठेवायचं: "ही नोकरी सुटेल. सुटली की त्याच दिवशी मला फोन कर. मी रागावणार नाही, आपण दुसरी बघू." हे एकदा सांगून भागत नाही. पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या प्रसंगी सांगावं लागतं, तेव्हा कुठे खरं वाटतं.

तेव्हा आधी जागेचं बघा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ प्रमाणे संस्था सोडणाऱ्या मुलाला १८ पूर्ण झाल्यावर आर्थिक साहाय्य देता येतं. अनुरक्षण २१ वर्षांपर्यंत मिळतं, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं, म्हणजे २३ पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत यासाठी महिना ४,००० रुपये धरलेले आहेत. मुलगा बाहेर पडल्यावर अर्ज करू, असं कृपा करून करू नका. त्याच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात अनुरक्षणाची गरज आत्ताच लिहा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोला आणि वाढदिवसाच्या आधी बाल कल्याण समितीसमोर प्रकरण जाईल असं बघा. मंजुरी आणि पहिला हप्ता यांच्यामध्ये काही महिने जाऊ शकतात. तेवढ्या दिवसांची सोय संस्थेने किंवा एखाद्या देणगीदाराने करून ठेवलेली असावी. देणगीदार वाढदिवसाला जेवण घालायला आनंदाने येतात. त्यांना एकदा खोलीची अनामत भरायला सांगून बघा, देतात.

जवळपास अनुरक्षण गृह असेल तर उत्तम. नसेल तर मी मुलांना एकेकटं ठेवत नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत सहा ते आठ जणांच्या सामूहिक निवासाची सोय सांगितली आहे आणि ती अनुभवाने खरी ठरते. खोली घेऊन चौघं-पाच जण एकत्र, त्यात किमान एक जण दोन वर्षं आधी बाहेर पडलेला. तो मोठा मुलगा जे शिकवतो ते आपण शिकवू शकत नाही. गॅस सिलिंडर कुठे मिळतो, मेसवाल्या मावशींना खाडे आधी कसे कळवायचे, घरमालक ओरडला तर किती ऐकून घ्यायचं. कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती खाट भाड्याने घेऊन, ठेवायची वेळ आली तर एकाच खोलीत दोघं तरी आपले असू द्या.

आता कागदपत्रं. तुम्ही म्हणाल, फाईल तयार आहे. माझ्यासमोर आलेल्या बहुतेक फायली तयारच असतात, आणि तरीही मुलगा कंपनीच्या टेबलासमोर अडकतो. एक प्रसंग सांगतो. एका कारखान्याच्या भरती विभागात आमची मुलगी बसली होती. पीएफचा यूएएन, म्हणजे खातेदाराचा कायमचा नंबर, काढायचा म्हणून समोरच्या बाईंनी आधार नंबर टाकला आणि म्हणाल्या, "ओटीपी सांग." ओटीपी आलाच नाही. तिच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर होता संस्थेच्या जुन्या अधीक्षकांचा. त्यांची बदली होऊन तीन वर्षं झाली होती. एकाच नंबरला चाळीस मुलांची आधार कार्डं जोडलेली. ती मुलगी चार वेळा फोन लावत राहिली, पलीकडून 'नंबर अस्तित्वात नाही' ऐकत राहिली, आणि मागच्या रांगेतली माणसं चुळबुळ करत होती. त्या दिवशी ती परत आली आणि आठवडाभर पुन्हा गेली नाही.

म्हणून या तिघांची आधार कार्डं उद्याच काढून बघा. मोबाइल नंबर कुणाचा आहे? १५ वर्षांनंतरचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद झाली आहे का? शाळेच्या दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि समितीच्या आदेशातलं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का? संस्थेतल्या मुलांची आडनावं तीन कागदांवर तीन तऱ्हेने असणं ही रोजची गोष्ट आहे, आणि नाव दुरुस्त करायला मुलगा तुमच्या ताब्यात असताना जेवढं सोपं असतं तेवढं नंतर कधीच नसतं. अधीक्षकांबरोबर जोडखातं असेल तर १८ पूर्ण होताच ते त्याच्या एकट्याच्या नावावर करून घ्या. एटीएम कार्ड हातात द्या आणि त्याच्याकडूनच पैसे काढवा. पॅन कार्ड आणि मतदार नोंदणी आहेच. पोलिसांकडचा चारित्र्य दाखला काही कंपन्या मागतात. तुमच्याकडे एखादा मुलगा निरीक्षणगृहातून, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना ठेवतात तिथून, आलेला असेल तर लक्षात ठेवा, प्रकरण चालू असो, बंद झालेलं असो किंवा निकाली निघालेलं असो, चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही, असं अधिनियमाच्या कलम ७४ मध्ये स्पष्ट आहे. मुलाला हे माहीत नसतं आणि तो घाबरून दाखला काढायलाच जात नाही.

अनाथ प्रमाणपत्राबद्दल थोडं वेगळं बोलतो, कारण यात मुलांचं मोठं नुकसान होताना पाहिलंय. महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात आणि शासकीय नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण २०१८ पासून आहे. गोव्यातल्या संस्थेत वाढलेल्या आणि पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या अमृता करवंदे यांनी तो प्रश्न धसास लावला, हे तुम्हाला आठवत असेल. २०२१ आणि २०२३ मध्ये त्याचे नियम बदलले आणि आता संस्थात्मक (संस्थेत वाढलेले) आणि संस्थाबाह्य (बाहेर, नातेवाइकांकडे वाढलेले) अशी वर्गवारी आहे. २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कमाफीतही या वर्गवारीतल्या अनाथ मुलामुलींचा समावेश झाला. पण हे प्रमाणपत्र आईवडील दोघंही नसलेल्यांसाठी आहे. संस्थेतल्या बऱ्याच मुलांची आई किंवा वडील कुठेतरी हयात असतात, आणि अशा मुलाला उगीच आशा लावली की तो दोन वर्षं परीक्षांच्या मागे घालवतो. कुणाला मिळू शकतं आणि कुणाला नाही हे आधी नीट ठरवा. मिळणाऱ्यांचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे लगेच करा. ज्यांना मिळणार नाही त्यांना तसं स्पष्ट सांगा आणि त्यांच्यासाठी दुसरी वाट आखा.

आता तुमचे तिघं.

वेल्डर मुलाची वाट त्यातल्या त्यात सरळ आहे. त्याला थेट कंत्राटी कामगार म्हणून पाठवण्याआधी शिकाऊ उमेदवारीचा (अप्रेंटिसशिपचा) विचार करा. विद्यावेतन पगारापेक्षा कमी असतं, पण शेवटी हातात प्रमाणपत्र येतं आणि मोठ्या कारखान्याचं नाव मागे लागतं. एक सांगून ठेवतो. शिकाऊ उमेदवाराला पीएफ आणि ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू नसतं. तेव्हा बँक खातं सुरू झालं की वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी त्याच दिवशी घ्या. अपघातासाठी २ लाखांचं संरक्षण आहे. फॉर्म भरताना वारसाचं नाव लिहायची वेळ येईल आणि पेन तिथेच थांबेल. हा रकाना पीएफलाही येतो, बँकेतही येतो. मुलगा कोरा चेहरा करून तुमच्याकडे बघतो. आधीच बसून बोलून ठेवा: बहीण आहे का, जिवलग मित्र आहे का? पीएफच्या नियमात कुटुंब नसलेल्या सभासदाला कुणाचंही नाव देता येतं, हे त्याला सांगा. भर कचेरीत हा विचार करायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.

मुलीच्या शिवणकामाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. संस्थेत शिवणयंत्रं असतात, कारण कुणीतरी ती दान केलेली असतात. मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या शिकवल्या जातात, कारण शिकवायला कुणीतरी येतं. तिला शिवण आवडते का, हे विचारलंय? आणि बाजारात त्या शिवणीला काय मिळतं? ब्लाउज शिवून एकटी मुलगी भाडं आणि जेवण भागवू शकत नाही, निदान पहिली काही वर्षं तरी नाही. मोठ्या कपडा कारखान्यातल्या शिलाईची गोष्ट वेगळी. तिथे ठरलेला पगार, पीएफ, ईएसआयसी असतं. तिला तिकडे जायचं असेल तर संस्थेतल्या पायमशीनवर न शिकवता विजेच्या औद्योगिक मशीनवर हात बसवा. आमच्या मुलींपैकी रुग्ण-सहायक झालेल्या आणि नर्सिंगला गेलेल्या मुली जास्त टिकल्या, असा माझा अनुभव आहे. नर्सिंगसाठी बारावी लागते, म्हणजे तिने आणखी दोन वर्षं शिकायला हवं. अनुरक्षण त्यासाठीच आहे. दहावीवर थांबवून नोकरीला लावायची घाई करू नका.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. १८ जवळ आलं की स्थळं येऊ लागतात. 'चांगलं घर आहे, मुलगी मार्गी लागेल' असं विश्वस्तांनाही मनापासून वाटतं. मी अशी चांगली झालेली लग्नंही पाहिली आहेत. पण स्वतःचा पगार आणि स्वतःचं बँक खातं नसताना झालेलं लग्न बिघडलं, तर त्या मुलीला परतायला माहेर नसतं. आधी दोन वर्षं तिला कमावू द्या. राहण्यासाठी नोकरी करणाऱ्या महिलांचं वसतिगृह बघा. सरकारी योजनेत त्याला आता 'सखी निवास' म्हणतात.

कॉमर्सच्या मुलाचं शेवटी सांगतो.

तयारी १८ ला सुरू करून भागत नाही, १६ ला करावी लागते, आणि त्यातली अर्धी तयारी संस्थेची घंटा बंद करण्यात आहे. हे मी शब्दशः म्हणतोय. संस्थेत साडेपाचला घंटा होते, सातला नाश्ता, साडेआठला रांग. बारा वर्षं मूल घंटेवर उठतं. खोलीत गेल्यावर पहिल्या दिवशी घंटा होत नाही. आमचा एक हुशार मुलगा पहिल्या आठवड्यात तीन वेळा कंपनीच्या बसला चुकला. सुपरवायझरने त्याला आळशी ठरवलं. तो आळशी नव्हता. गजर लावून स्वतः उठणं ही गोष्ट त्याने आयुष्यात कधी केलीच नव्हती. त्याने कधी दूध विकत आणलं नव्हतं, एक किलो तांदूळ कितीला मिळतो ते माहीत नव्हतं, स्वतःच्या दाराला कुलूप लावलं नव्हतं. संस्थेच्या दाराला कुलूप असतं, पण ते त्याचं नसतं.

तेव्हा मोठ्या मुलांसाठी एक वेगळी खोली करा. तिथे घंटा नाही, गजराचं घड्याळ आहे. आठवड्याचे दोन दिवस त्यांचा स्वयंपाक त्यांनी करायचा आणि बाजार त्यांनीच आणायचा. पैसे मोजून द्या, हिशेब मागा. चूक झाली, पैसे संपले, तर गुरुवारी खिचडी खाऊ द्या. चुका तुमच्या छपराखाली झाल्या तर स्वस्तात पडतात. काळजीवाहक ताई म्हणतील, पोरं उपाशी राहतील, मी करून देते. त्यांना थांबवणं हे तुमचं काम.

सुट्टीत त्यांना खरं काम बघू द्या. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक नसलेल्या कामाला कायद्याने मुभा आहे, पण दिवसाला सहा तासांच्या आत, त्यात विश्रांती धरून, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही. समितीला कळवून आणि लेखी परवानगी घेऊनच हे करा. मी तर बऱ्याचदा काम न करवता नुसतं बघायला पाठवतो. गॅरेजमध्ये तीन दिवस, दवाखान्यात तीन दिवस, दुकानात तीन दिवस. ज्याला चित्रपटातल्यासारखं पोलीस व्हायचं होतं, तो मेडिकल स्टोअरमध्ये तीन दिवस बसला आणि डी. फार्म., म्हणजे औषधांच्या दुकानासाठी लागणारी पदविका, करायचं म्हणाला. जगात कामं किती तऱ्हेची असतात हे घरच्या मुलांना काका, मामा, शेजारी यांच्याकडून आपोआप कळतं. आपल्या मुलांनी पाहिलेले नोकरदार म्हणजे शिक्षक, काळजीवाहक, वॉचमन आणि समितीचे सदस्य.

मुलाखतीची तयारी म्हणजे इंग्रजीतून ओळख पाठ करणं नव्हे. त्याला अडवणारा प्रश्न वेगळाच असतो: "वडील काय करतात?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, तो सवयीने विचारतो. आपला मुलगा मात्र तिथे एकदम खाली बघतो, किंवा काहीतरी खोटं सांगतो आणि मग वर्षभर ते खोटं सांभाळत बसतो. मी हा प्रश्न मुलांना निदान वीस वेळा विचारतो. उत्तर त्यांचं त्यांनी ठरवायचं. एका मुलीने ठरवलं होतं, "मी संस्थेत राहून शिकले. माझ्याबद्दल विचारायचं असेल तर आमच्या ताईंचा नंबर देते." सरळ आवाजात, समोर बघून. एका मुलाने ठरवलं, "वडील नाहीत." बस, एवढंच. दोन्ही उत्तरं चांगली आहेत. सगळ्यांना सगळं सांगायला तो बांधलेला नाही. कंपनीशी तुम्ही बोलणार असाल तर एकाच माणसाशी बोला, आणि तो माणूस शक्यतो त्याचा रोजचा सुपरवायझर असावा. मोठ्या साहेबांना सांगितलं तर ते सत्कार करतात, पेढे वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या अख्ख्या विभागाला कळतं की हा अनाथाश्रमातला.

पैशांचं गणित कागदावर करून घ्या. १५,००० पगार म्हटलं की मुलाच्या डोक्यात १५,००० बसतात. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून तेवढे आहेत. पीएफ १२ टक्के, म्हणजे १,८०० गेले. ईएसआयसी पाऊण टक्का, ११३. व्यवसाय कर मुलांना २००, फेब्रुवारीत ३००. मुलींना २५,००० पर्यंत नाही. उरले १२,८८७. त्यात कॅन्टीन आणि बसचे कापले जातात. आमच्या एका मुलाच्या वहीत खाटेचे ३,००० आणि मेसचे ३,२०० लिहिलेले होते. बाकी राहिले ते त्याचे. ही वजाबाकी त्याने स्वतःच्या हाताने केलेली असली की पगाराच्या दिवशी 'मला फसवलं' असं म्हणून तो काम सोडत नाही. खरं सांगतो, या एका गैरसमजापायी सुटलेल्या नोकऱ्या मी मोजल्या तर दोन हातांची बोटं पुरणार नाहीत.

याहून मोठी अडचण म्हणजे पहिला पगार महिनाभर उशिरा येतो. जूनच्या पाच तारखेला लागला तर पैसे जुलैच्या सात-दहाला. तोवर खाटेचं भाडं, तेवढीच अनामत, मेसची आगाऊ रक्कम, सेफ्टी शूज, बसभाडं आणि मोबाइलचं रिचार्ज असे सहज दहा-अकरा हजार लागतात. ते कुठून येणार हे आधी ठरलेलं नसेल तर मुलगा मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपकडे वळतो, आणि ते जाळं भयंकर आहे. संस्थेत फोन मिळत नाही, आणि बाहेर पडला की पहिल्याच महिन्यात हप्त्यावर मोठा फोन येतो. रागावू नका, तो स्वाभाविक आहे. पण ओटीपी कुणाला द्यायचा नाही, ॲपला संपर्कयादीची परवानगी द्यायची नाही, हे फोन हातात येण्याआधी शिकवा.

पगार सुरू झाला की आणखी एक गोष्ट होते, तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. नातेवाईक येतात. जी आई दहा वर्षांत दोनदा भेटली ती रडत फोन करते, मामाला अचानक भाच्याची आठवण येते. मुलगा सगळा पगार पाठवून देतो आणि स्वतः वडापाववर राहतो. त्याला मी अडवत नाही. आईला पैसे पाठवण्यात त्याला जो आनंद मिळतो तो आपण देऊ शकत नाही. मी एवढंच सांगतो: भाडं आणि मेस आधी बाजूला काढ, उरलेल्यातला आकडा तू ठरव, आणि तो दर महिन्याला तेवढाच ठेव. 'नाही' म्हणायला अवघड जात असेल तर 'आमच्या सरांकडे हिशेब द्यावा लागतो' असं सांग, माझं नाव खुशाल वापर. ते नाव बऱ्याच जणांनी वापरलं आहे.

नोकरी लागल्यावरचे फोन ठरवून करा. मी तिसऱ्या दिवशी करतो, दहाव्या दिवशी करतो, पहिल्या पगाराच्या संध्याकाळी करतो, आणि मग दर रविवारी. 'कसं चाललंय' विचारलं की 'छान' असं उत्तर येतं, त्यातून काही कळत नाही. 'आज डब्यात काय होतं', 'शेजारच्या मशीनवर कोण असतं' असं विचारलं की कळतं. शेजारच्या माणसाचं नाव सांगता आलं तर मुलगा टिकेल असं मी धरतो. आणि दिवाळी विसरू नका. कारखाना आठवडाभर बंद, मेस बंद, खोलीतले बाकीचे गावी. पहिल्या दिवाळीत एकट्याने काढलेल्या त्या आठवड्यानंतर पुन्हा कामावर न गेलेली मुलं मी पाहिली आहेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच विचारा, दिवाळीला कुठे जाणार? उत्तर नसेल तर त्याला संस्थेत बोलवा. पाहुण्यासारखं बोलवा, भावंडांसाठी काहीतरी आणायला सांगा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. कॉमर्सच्या मुलाला संस्थेत मदतनीस म्हणून ठेवू नका, ताई. मला माहीत आहे, तो गुणी आहे, हिशेब लिहितो, लहानांना सांभाळतो, आणि तो गेला तर तुम्हालाही चुकल्यासारखं होणार आहे. पण अशी ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत. मानधन किमान वेतनाच्या खाली, पीएफ नाही, नेमणूकपत्र नाही, रात्री-अपरात्री हाक. सगळ्यांच्या नजरेत तो 'आपलाच' म्हणून रजा मागायला त्यालाच संकोच. सहा वर्षांनी अधीक्षक बदलतात, विश्वस्त बदलतात, आणि चोवीस-पंचवीस वर्षांचा तो मुलगा अनुभवाच्या दाखल्याशिवाय रस्त्यावर येतो, तेही अनुरक्षणाचं वय उलटून गेल्यावर. त्याला बारावी होऊ द्या. हिशेबात गती असेल तर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकू द्या आणि एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात बसू द्या. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा बारावी पास उमेदवाराला महिना ६,००० विद्यावेतन होतं. ती नोकरी नव्हे, पण ऑफिसात कसं वागायचं ते शिकायला चांगली जागा आहे, तेव्हा सध्याचे नियम बघून अर्ज करा. सोबत बी. कॉम. बाहेरून करता येईल. दोन-तीन वर्षांनी त्याला खरोखर मुलांमध्येच काम करायचं असं वाटलं तर त्याने समाजकार्याची पदवी घ्यावी, जाहिरात बघून अर्ज करावा, आणि तुम्ही त्याला नेमणूकपत्र देऊन पूर्ण पगारावर घ्यावं.

तोवर त्याला रविवारी यायला सांगा. लहानांचं गणित घेईल, आणि दुपारी पंगतीत त्याचं पान मांडलेलं असू द्या.